माप: अकरा गुंठे

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितला, तो निम्म्यापर्यंत खो खो हसतो आणि मग हळूच कप खाली ठेवतो. माझी आई तर विषय निघाला की उठून आत जाते.

घोटाळे काय माझ्या हातून कमी झालेत? भलत्याच माणसाच्या ॲक्टिव्हाला चावी लावून, वर त्यालाच चोर म्हणून रस्त्यात तमाशा केलाय मी. पण चित्रांचं प्रदर्शन भरवून स्वतःच्या घरावर नांगर फिरवणारी अख्ख्या पंचक्रोशीत मी एकटीच!

आणि प्रदर्शन तरी कसलं? व्हर्च्युअल! म्हणजे हॉल नाही, खिळा नाही, रिबीन कापायला नगरसेवक नाही. कॉम्प्युटरातच खोल्या, कॉम्प्युटरातच भिंती. बघणाऱ्यानं घरी बसून बाणाची बटणं दाबायची आणि या खोलीतून त्या खोलीत फिरायचं. एवढ्याशा निरुपद्रवी गोष्टीतून काय वाईट होणार, असं तुम्हालाही वाटलं असतं की नाही? मलाही वाटलं.

तर मी चऱ्होलीची. डिझाइनच्या कॉलेजला ताथवड्याला जायचे, दोन बस बदलून. शेवटच्या वर्षाला आम्हाला क्युरेशन नावाचा विषय होता. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भिंतीवर चित्रं टांगली म्हणजे प्रदर्शन होत नाही. एक धागा हवा. आणि तो तुमच्या स्वतःच्या आयुष्यातला हवा."

झालं! वर्गात सगळ्यांनी आपापली दुःखं शोधायला सुरुवात केली. एकीनं आरसे घेतले, एकानं ब्रेकअप घेतला. माझ्यासोबत प्रोजेक्टला सुमेध होता. पिंपरीचा, वडील चाकणला कंपनीत, आणि कॉम्प्युटर म्हटलं की ह्याचं डोकं असं चालतं की विचारू नका. खोल्या-भिंती तो बांधणार आणि चित्रं मी काढणार, असं आमचं ठरलं.

"तुझं दुःख काय आहे पल्लवी?" त्यानं विचारलं. अगदी 'तुझा ब्लड ग्रुप काय' असं विचारावं तसं.

मी खिडकीबाहेर बघितलं. सगळीकडे टॉवर. म्हटलं, "माझं दुःख पार्किंगसकट दोन बीएचके आहे."

आणि तिथंच आमचा धागा सापडला. आमच्या घराभोवती आज ज्या सोसायट्या उभ्या आहेत ना, ती सगळी एके काळी आमची वावरं. मी ठरवलं, आज जिथं जे आहे तिथं आधी काय होतं ते काढायचं. स्विमिंग पूल आहे तिथं आमचं खळं. जिम आहे तिथं शेळ्यांचा गोठा. गेटवर वॉचमन बसतो तिथं बांधावरची बाभळ. प्रदर्शनाचं नाव ठेवलं 'इथं होतं'. मॅडमना इतकं आवडलं की त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटच्या खोलीत मात्र एकच चित्र ठेवलं. खोलीचं नाव 'अजून आहे'.

ते चित्र होतं विहिरीचं. आमचा सगळा पसारा गेला, तेव्हा एवढाच एक तुकडा मागं राहिला होता. अकरा गुंठे, मधे विहीर, काठावर जांभळाचं झाड. विहिरीत सोसायट्यांचं सांडपाणी झिरपून पाणी काळं पडलं होतं, पिण्याचं तर सोडाच. पण माझे वडील, आप्पा, रोज संध्याकाळी तिथं जाऊन काठावर बसायचे. काही करायचे नाहीत. नुसते बसायचे. आमची उपजीविका म्हणजे कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. त्यात दिवसभर करणार काय? आप्पा तसे बोलके कधीच नव्हते, पण वावरं गेल्यापासून घरात माणूस आहे की नाही ते त्यांच्या खोकल्यावरून कळायचं.

आणि सकाळी कोण बसायचं माहितीये? तात्या. आप्पांचे थोरले भाऊ. घर समोरच, गल्ली ओलांडली की झालं. पण दोघांत बोलणं बंद! मी शाळेत होते तेव्हापासून. जांभळाखाली तात्यांची पहिली शिफ्ट आणि आप्पांची दुसरी शिफ्ट. चुकून वेळ एक व्हायला नको म्हणून आप्पा आधी गच्चीवरून डोकावून बघायचे. कंपनीत तरी शिफ्ट बदलताना माणसं एकमेकांना हात करतात. इथं तेही नाही.

भांडण कशावरून? तर मोठं वावर विकलं तेव्हा तात्या आप्पांना न सांगता आधी जाऊन सही करून आले. वाटणी बरोबर झाली, व्यवहार चोख झाला, सगळं झालं. पण "मला इचारलं न्हाई," हे जे आप्पांच्या डोक्यात बसलं ते बसलं. तात्याही हट्टी. "थोरल्यानं काय धाकट्याची परवानगी काढायची?" झालं, तेव्हापासून अबोला. आणि विहिरीचा तुकडा सामाईक! विकायचा तर दोघांच्या सह्या लागणार. कितीक एजंट आले नि गेले. आप्पा म्हणायचे, "आधी त्याला इचारा." तात्या म्हणायचे, "आधी त्याला इचारा." एजंट गल्ली ओलांडून ओलांडून थकायचा आणि निघून जायचा.

मला तर वाटायचं, या दोघांचं एकदा जमलं की झालं. देवाकडे दुसरं काही मागितलंच नाही हो मी.

असो. चित्रं झाली. सुमेधनं खोल्या बांधल्या. आता राहिल्या पाट्या. प्रदर्शनात चित्राखाली एवढीशी पाटी असते ना, तसल्या. मॅडमनी पाटीवर काय काय हवं ते फळ्यावरच लिहून दिलं होतं. शीर्षक, माप, ठिकाण, संग्रह, संपर्क.

शीर्षक झालं, 'जांभूळकाठ'. मापाशी मी अडले.

"सुमेध, माप काय लिहू रे? चित्र तर टॅबवर काढलंय."

"स्क्रीन केवढी त्यावर आहे. मोबाइलवर एवढंसं, प्रोजेक्टरवर भिंतीएवढं," तो म्हणाला. "काहीतरी टाक ना राव. मॅडम काय टेप घेऊन येणार आहेत?"

आता कुणीही शहाण्या पोरीनं काय केलं असतं? इंच लिहिले असते आणि विषय संपवला असता. पण माझ्या अंगात तेव्हा कलावंत शिरलेला! म्हटलं, चित्राचं माप कशाला? जे गेलं त्याचं माप लिहू की! आणि प्रत्येक चित्राखाली मी गुंठे लिहिले. खळ्याखाली गुंठे, गोठ्याखाली गुंठे. विहिरीखाली 'अकरा गुंठे'. लिहिताना माझ्याच अंगावर शहारा आला. इतकी मी स्वतःवर खूश होते.

ठिकाण, चऱ्होली. संग्रह? मोठ्या प्रदर्शनात 'खासगी संग्रह' लिहितात. मी लिहिलं, 'वडिलोपार्जित, सामाईक'.

संपर्काला माझा नंबर टाकत होते, तर आई मागून म्हणाली, "पोरीबाळींचा नंबर असा चारचौघांत टाकत्यात व्हय?" म्हणून मग आप्पांचा टाकला.

चित्राखाली दोन ओळीही लिहिल्या होत्या: 'इथं घड्याळ लागत नाही. सावली विहिरीच्या कठड्याला टेकली, की घरी जायचं.' ही ओळ लक्षात ठेवा. पुढं तिनंच मला मारलंय.

आता जरा ती पाटी सलग वाचून बघा. जांभूळकाठ. अकरा गुंठे. चऱ्होली. वडिलोपार्जित, सामाईक. संपर्क, आणि खाली नंबर. काय वाटतं? कलाकृती वाटते? अहो, आमच्या भागात न्हाव्याच्या दुकानापासून रसवंतीपर्यंत जिकडेतिकडे हेच चिकटवलेलं असतं!

पण मला दिसलं नाही. जन्मापासून गुंठे, एनए, सातबारा ऐकत वाढलेली मी, आणि मला दिसलं नाही! त्या दिवशी मी चऱ्होलीची नव्हतेच ना. त्या दिवशी मी क्युरेटर होते.

मॅडमची शेवटची अट होती प्रेक्षकांचे अभिप्राय. त्याला मार्क. मग मी लिंक कुठं टाकली? आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सगळी भावकी, सगळा गाव त्यात. लिंक टाकली की वर एक चित्र दिसतं, ते सुमेधनं विहिरीचंच ठेवलं होतं, पाटीसकट. "सगळ्यात भारी तेच आलंय," म्हणाला.

मी खाली लिहिलं, 'नक्की बघा आणि प्रतिक्रिया द्या.'

आणि काय सांगू, प्रतिक्रियांचा पाऊस!

पहिली आली, 'रेट?'

मी म्हटलं, असेल कुणी चेष्टेखोर. मी लिहिलं, 'अमूल्य आहे काका.'

दुसरी, 'टायटल क्लिअर आहे का?' मी सुमेधला फोन करून पाटीवरची अक्षरं मोठी करायला लावली आणि उत्तर दिलं, 'आता आहे.'

तिसरी, 'आत जायला रस्ता आहे का?' मी लिहिलं, 'हो, बाण दाबत सरळ आत या.' चौथा म्हणाला, 'बघायला कधी यायचं?' मी म्हटलं, 'केव्हाही या, चोवीस तास उघडं आहे!'

आत कुणीही गेलं नव्हतं बरं का, हे मला नंतर कळलं. एक माणूस नाही! खळं नाही बघितलं, गोठा नाही बघितला. सगळे दारावरचं चित्र बघूनच बोलत होते. पण माझा आनंद गगनात मावेना. अख्ख्या गावाला कलेची एवढी भूक आहे आणि आजवर कुणाला कळलंच नाही, या विचारानं मला गहिवरून आलं.

तिकडे आप्पांचा फोन वाजायला लागला. एरवी त्यांना मोबाइल कंपनीच्या ऑफरशिवाय कुणाचा फोन यायचा नाही. त्या दिवशी मात्र थांबेचना. आप्पा प्रत्येकाला एकच सांगत होते, "न्हाई, न्हाई, तसलं काय न्हाई." मला वाटलं, लोक कौतुक करतायत आणि आप्पा लाजतायत! म्हणजे माझ्या बावळटपणाची कमाल बघा.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात दात घासत होते. बघते तर तात्या गल्ली ओलांडून येतायत. काठी टेकत, टोपी तिरकी, आणि मागं बंटीशेठ. बंटीशेठ म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा एजंट. पांढरा शर्ट, पांढरे बूट, गॉगल सकाळीसुद्धा.

इतक्या वर्षांत तात्यांनी आमचा उंबरा शिवला नव्हता. माझ्या तोंडात पेस्ट तशीच.

"बबन!" तात्यांनी बाहेरूनच हाक मारली. "बाहेर ये! हिरीचा तुकडा ईकायला काढलास म्हनं? पोरीला पुढं करून?"

आप्पा बनियनवरच बाहेर आले. "मी? मी कशाला काढू? मला तर काल धरनं लोकं फोन करून करून याड लावत्यात! मला वाटलं, तूच काढलास!"

"माझा नंबर हाय का त्याच्यावर? तुझा हाय!" तात्यांनी बंटीशेठचा मोबाइल हिसकावून आप्पांच्या नाकासमोर धरला.

आप्पांनी पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी पेस्ट गिळली.

"ते... कॉलेजचं आहे आप्पा. प्रदर्शन आहे. चित्र आहे ते माझं."

"मग गुंठं कशापायी लिवलं?"

"माप विचारलं होतं..."

बंटीशेठनं गॉगल काढला. म्हणाला, "ताई, जाहिरात एक नंबर केलीय हां. आमच्या पोरांना जमत न्हाई एवढी."

मला रडायलाच यायला लागलं. म्हटलं, आत चला, तुम्हाला दाखवते. लॅपटॉप ओट्यावर आणला. दोन म्हातारे दोन बाजूला, मधे मी. बंटीशेठ मागं उभा. बाण दाबला आणि आम्ही पहिल्या खोलीत शिरलो.

तात्यांना बाण काही जमेना. ते तीन वेळा भिंतीवर जाऊन आपटले. "ह्यो दरवाजा कुठं ठिवलाय?" म्हणत होते. मग खळं आलं समोर, आणि त्यांनी हात मागं घेतला.

"बबन," ते म्हणाले. "ही मळणीचा तिवडा रोवायची जागा. बरोबर काढलीय की रं हिनं."

"जरा डावीकडं व्हती," आप्पा म्हणाले.

"व्हय. डावीकडं. तू त्याच्यावरनं पडला व्हतास."

"तू ढकलला व्हतास."

मी जागची हलले नाही. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. गोठ्याच्या खोलीत तात्या डोळे पुसायला लागले. बाभळीच्या खोलीत आप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेवटच्या खोलीत दोघं विहिरीसमोरून हलेनात. आईनं चहा आणला, तोही निवला.

मग तात्या हळूच म्हणाले, "मागल्या खेपेला तुला इचारलं न्हाई. चुकलं माझं."

आप्पांचा खोकला सुरू झाला, तसं तात्यांनी उठून स्वतः आत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं. आमच्या घरातला माठ कुठं आहे हे त्यांना अजून माहीत होतं! मी आत जाऊन चादरीत तोंड खुपसून रडले. आनंदानं हो! एवढी मोठी गोष्ट माझ्या चित्रानं केली म्हणून.

त्यानंतर दोघं सारखे एकत्र. शिफ्टच मोडली म्हणा ना. जांभळाखाली दोघं एकदम बसायचे, कुजबुज चालायची. बंटीशेठही कधीकधी दिसायचा तिथं. मला वाटलं, त्यालाही विहिरीचा लळा लागला असेल.

एका सकाळी बघते तर आप्पांच्या स्कूटरवर मागं तात्या! दोघांच्या डोक्यावर इस्त्रीची टोपी, तात्यांच्या मांडीवर पिशवी. मी ओरडले, "थांबा, थांबा, फोटो!" दोघं लाजले. फोटो झकास आला. तो मी प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर लावला आणि खाली लिहिलं, 'प्रदर्शनाचा परिणाम.'

मॅडमनी तो फोटो सगळ्या वर्गाला दाखवला. "कला माणसं जोडते, ती ही अशी," म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापरा झाला. आरसेवाली माझ्याकडे जळून बघत होती. सगळ्यात जास्त मार्क मला. सुमेधनं कँटीनमध्ये मला वडापाव खाऊ घातला, आणि हा माणूस स्वतःहून कुणाला पाणीसुद्धा पाजत नाही.

ते दोघं स्कूटरवरून कुठं चालले होते, सांगू?

सही करायला.

मला कळलं ते पोकलेनच्या आवाजानं. कॉलेजवरून आले तर विहिरीच्या तुकड्याभोवती निळे पत्रे उभे राहत होते. मी धावत गेले. जांभूळ आडवं झालेलं. त्याची मुळं वर आली होती आणि त्यांना अजून ओली माती होती. विहिरीत मुरूम टाकत होते. मी इतकी ओरडले की ऑपरेटरनं मशीन बंद केलं आणि खाली उतरून मला विचारलं, "ताई, कुणी गेलंय का?"

मी तशीच घराकडे पळाले.

आप्पा घरी ओट्यावर होते. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही का विकलंत? तुम्हाला तर नव्हतं ना विकायचं?"

आप्पा खाली बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "दादाला पायजे व्हतं गं. एवढ्या वर्सांनी उंबऱ्यात आला तो, त्ये बी बंटीशेठला घिऊन, उगं आला व्हय? त्याला ईकायचंच आसंल, तोंडानं म्हनवत नसंल. म्हनलं, कुठं आडवं यायचं. ह्या खेपेला इचारलं त्यानं मला. इचारल्यावर न्हाई कसं म्हनू?"

मी तशीच उठले आणि गल्ली ओलांडली. तात्या खाटेवर पडले होते.

"तात्या, तुम्हाला विकायचं होतं?"

"मला?" तात्या उठून बसले. "न्हाई गं बाय. बबनला पायजे व्हतं. तू त्येचा नंबर टाकलास, बापाला न इचारता टाकशील व्हय? त्यो तसाच हाय पयल्यापासनं, तोंडानं कधी बोलायचा न्हाई, पोरीकडनं बोलला. म्हनलं, मागं एकदा त्याचं मन मोडलं, आता न्हाई मोडायचं." आणि मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "त्याला सांगू नगस हां. वाईट वाटंल त्याला."

आता बोला!

दोघांनाही विकायचं नव्हतं. दोघं एकमेकांसाठी विकून बसले. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही इतक्या उशिरा. अहो, ती जमीन वाचली होती ती भांडणामुळेच! बोलणं बंद होतं म्हणून सह्या होत नव्हत्या, सह्या होत नव्हत्या म्हणून जांभूळ उभं होतं. एवढे एजंट येऊन गेले, कुणाला ते भांडण मिटवता आलं नाही. ते मी मिटवलं. फुकटात. वर मार्क घेतले.

मी अजून दोघांनाही सांगितलेलं नाही. सांगून काय होणार? तुकडा परत येणार नाही, आणि दोघं पुन्हा गल्लीच्या दोन बाजूंना बसतील. आता निदान एका ओट्यावर बसतात. संध्याकाळी चहा घेऊन निळ्या पत्र्याकडे बघत असतात. आत काही दिसत नाही, नुसता पत्रा. तरी बघत असतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्या वेळी घरात येत नाही.

सुमेधनं एकदा विचारलं, "ती शेवटची खोली बदलायची का? 'अजून आहे' ते आता नाहीये ना." मी म्हटलं, बदल. त्यानं ते चित्र उचलून आधीच्या खोलीत लावलं, बाभळीशेजारी. शेवटची खोली रिकामी राहिली. मॅडमनी ती रिकामी खोली बघितली आणि म्हणाल्या, "हे तर आणखीनच प्रभावी झालंय!" मी तिथून निघूनच गेले.

इथं संपलं असतं तरी पुरे होतं की नाही? पण नाही.

परवा फोन आला. गोड आवाजाचा मुलगा. "मॅडम, चऱ्होलीमध्ये आपला नवीन प्रोजेक्ट येतोय, जांभूळकाठ. प्रीमियम दोन आणि तीन बीएचके."

मी म्हटलं, "काय नाव म्हणालात?"

"जांभूळकाठ, मॅडम. खूप वेगळा कॉन्सेप्ट आहे. ऐका ना." आणि त्यानं समोर ठेवलेलं वाचून दाखवायला सुरुवात केली. "इथं घड्याळ लागत नाही. सावली विहिरीच्या कठड्याला टेकली, की घरी जायचं."

माझीच ओळ! माझ्याच फोनवर! आणि शरम वाटते सांगायला, पण वाचत असा छान होता तो मुलगा की माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "परत एकदा वाचता का?"

त्यानं परत वाचलं. मग विचारलं, "मॅडम, साइट व्हिजिट बुक करू?"

आणि मी, स्वतःच्या घराशेजारच्या जागेची, जिथं लहानपणी चड्डीवर जांभळं गोळा केली त्या जागेची, अपॉइंटमेंट घेतली.

गेले. हेल्मेट घालायला दिलं, पाण्याची बाटली दिली. विहिरीच्या जागी कारंजं येणार म्हणाले. मग सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. हॉलमध्ये सोफा, आणि सोफ्याच्या वर सोनेरी फ्रेममध्ये माझं चित्र!

"हे कुणाचं आहे?" मी विचारलं.

"लोकल आर्टिस्टचं आहे मॅडम," ती सेल्सवाली मुलगी म्हणाली. "नाव काही आम्हाला माहीत नाही. पण सर म्हणतात, यामुळे फ्लॅटला एक सोल येतो."

मी जवळ गेले. चित्राखाली छोटीशी पितळी पाटी होती. शीर्षक होतं, ठिकाण होतं, संपर्काला त्यांचा नंबर होता.

आणि माप होतं. इंचात.